बुडालेल्या रस्त्यावर दोन फळ्या

सकाळी सहाला निघायचं ठरलं की आमच्या सुदामा नगरच्या घरी सव्वासातला गाडीत पिशव्या चढू लागतात. त्या शनिवारीही तसंच झालं. फेब्रुवारी संपत आला होता, हवेत गारवा होता, आणि माझा नवरा श्रीकांत डिकी तिसऱ्यांदा उघडून बंद करत होता. पुऱ्यांचा डबा, दोन तऱ्हेची शेव, केळी, वीस लिटरची पाण्याची कॅन, आणि आईंची म्हणजे माझ्या सासूबाईंची चादर, एवढं सगळं तिच्यात बसवायचं होतं. जायचं होतं फक्त दोन दिवसांसाठी. पण इंदूरचा माणूस पुढे वाटेत दुष्काळ पडलाय असं धरूनच घरातून निघतो.

बाकीच्यांसाठी ही सहल होती. मला तिथे एक काम होतं. नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणामागे जे अफाट पाणी पसरलंय, त्याच्या काठावर एक माणूस लहानशा मोटरबोटीला दोर बांधून लोकांना पाण्यावरून ओढतो. बहुतेक लोक फुगवलेल्या रबरी ट्यूबवर बसून ओढून घेतात आणि किंचाळतात. ज्याला हिंमत असेल त्याच्या पायांत तो लांब फळ्या अडकवतो आणि त्याला चक्क पाण्यावर उभं करतो. शाळेतल्या एका सहशिक्षिकेनं मला हे फोनवर दाखवलं, आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जाईना.

कारणही सांगते. दीड वर्षापूर्वी शाळेच्या जिन्यावरून पडून माझ्या उजव्या पायाचं हाड मोडलं. तीन महिने प्लास्टर, मग कुबड्या, मग काठी. पाय बरा झाला, पण घरच्यांचा माझ्या पायावरचा विश्वास काही बरा झाला नाही. मी एकावन्न वर्षांची बाई, बारावीला फिजिक्स शिकवते, रोज चार-चार तास फळ्यासमोर उभी असते. आणि घरी उंबरठा आला की कुणीतरी माझा दंड धरतं. प्रेमानं धरतात, म्हणून ओरडताही येत नाही. मला एकदा, दंडावर कुणाचा हात नसताना, जिथे उभं राहणं खरंच कठीण आहे अशा जागी उभं राहायचं होतं. चार महिने रोज भिंतीला पाठ लावून खुर्चीशिवाय खुर्चीत बसल्यासारखी बसत होते. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून पाहिला आणि खुशाल जा म्हणाले.

आईंना मात्र हे मुळीच पटलेलं नव्हतं. त्यांचं माहेर महेश्वरचं, घाटावरून नर्मदेत उड्या मारत लहानाच्या मोठ्या झालेल्या. नदीत उतरण्याआधी पाणी डोक्याला लावून तिची क्षमा मागायची, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. पायांना फळ्या बांधून मैयेच्या अंगावर उभं राहायचं हे कुठल्या शास्त्रात बसतं, असं त्यांनी गाडीत बसता बसता विचारलं. मी उत्तर दिलं नाही. सव्वीस वर्षांत एवढं तरी शिकले आहे.

सिमरोलला महूहून आलेले माझे दीर सुधीर आणि जाऊ वैशाली भेटले आणि आमच्याच गाडीत बसले. चहा-पोहे झाले. भेरूघाटाच्या वळणांवर वैशालीचा चेहरा पांढरा पडला आणि दोन वेळा गाडी थांबवावी लागली. बडवाहला चिवडा घेतल्याशिवाय पुढे जायचं नसतं, म्हणून तोही घेतला. मोरटक्क्याच्या पुलावर सगळ्यांनी काचा खाली करून हात जोडले. पुढे निमाड सुरू झालं. गव्हाची शेतं, केळीच्या बागा, काळी माती, आणि सनावद सोडल्यावर हळूहळू रिकामा होत गेलेला रस्ता. आणि मग एका चढावरून अचानक ते पाणी दिसलं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. आईंनी गाडी थांबवायला लावली, उतरून पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि आमच्या महेश्वरला ही एवढी रुंद नव्हती, एवढंच म्हणाल्या.

आम्हाला ओढणारा माणूस म्हणजे मांगीलालजी. साठीच्या आसपासचा, काटकुळा, डोक्याला पंचा गुंडाळलेला. त्यांची बोट पाहून सुधीरनं माझ्याकडे पाहिलं, कारण ती आमच्या गाडीपेक्षा फारशी मोठी नव्हती. मागे चाळीस घोड्यांचं इंजिन लटकलेलं, बसायला दोन आडव्या बाकड्या, आणि मधे दोर बांधायचा एक लोखंडी खांब. फळ्या महूच्या एका निवृत्त फौजी साहेबांनी त्यांना दिलेल्या. ओढायचं कसं, हेही त्यांनीच शिकवलेलं.

मुक्काम मांगीलालजींच्या घरीच होता. जेवायला ज्वारीची रोटी आणि अमाडी (अंबाडीची भाजी) होती, वर लसणीची फोडणी. जेवताना मांगीलालजींनी मला त्यांचा रस्ता समजावून सांगितला. या पाण्याखाली जुनी गावं आहेत, शेतं आहेत, आणि मुख्य म्हणजे झाडं आहेत. बुंधे अजून उभे आहेत, आणि पाणी उतरलं की ते वरून दिसत नाहीत पण नावेला लागतात. म्हणून ते माणसाला ओढतात ते फक्त जुन्या डांबरी रस्त्याच्या वरून. पूर्वी त्या रस्त्यानं मूंदी गावाची बस जायची. त्यांचं स्वतःचं घरही त्याच रस्त्यावर होतं.

"रोड पे पेड़ नहीं होता, मॅडमजी," ते म्हणाले. "और रोड मुझे याद है."

दोन्ही बाजूंना त्यांनी बांबू रोवून लाल चिंध्या बांधल्या होत्या, पण ते चिंध्यांकडे बघून नाव चालवत नसत.

दुपारी वारा सुटला होता. अशा लाटांवर फळ्या चालत नाहीत, म्हणून ट्यूबची पाळी आली. श्रीकांत आणि सुधीर तिच्यावर पालथे पडले आणि एवढ्या मोठ्यानं ओरडू लागले की काठावरच्या म्हशींनी माना वळवल्या. दुसऱ्या वळणावर ट्यूब लाटेवर आपटली, दोघे दोन दिशांना उडाले, आणि श्रीकांतचा चष्मा नर्मदेला अर्पण झाला. दुसरा चष्मा इंदूरला. उरलेली सगळी सहल त्यानं अंदाजानं पाहिली. मीही ट्यूबवर बसले. सुधीरनं मागून माझा दंड धरून ठेवला होता.

संध्याकाळी मांगीलालजींनी मला उथळ पाण्यात बसवून शिकवलं. पाण्यात गुडघे छातीशी घेऊन उकिडवं बसायचं, फळ्यांची टोकं पाण्याबाहेर, दोर दोन फळ्यांच्या मधे, त्याच्या टोकाची दांडी दोन्ही हातांत, हात सरळ. नाव ओढू लागली की काही करायचं नाही, आणि कठीण नेमकं तेच. घाईनं उठणारा तोंडावर पडतो, दांडी छातीशी ओढणारा पाठीवर पडतो. फळ्यांना रबराचे जोडे असतात आणि ओले पाय त्यांत जात नाहीत. मांगीलालजींनी खिशातून शॅम्पूची पुडी काढली, दातांनी फाडली आणि जोड्यांत ओतली. पाय सुळकन आत गेले. सकाळी साडेसातला या, असं त्यांनी बजावलं. दहाच्या सुमारास वारा सुटतो, आणि दुपारी आम्हाला परतायचं होतं. म्हणजे माझ्या हातात अडीच तास होते.

सकाळी पाणी आरशासारखं पडलं होतं. मी वेळेवर तयार होते. आणि आमचं सगळं कुटुंबही तयार होतं, कारण मेधाचा, म्हणजे माझा, पराक्रम जवळून पाहायचा, आणि मग समोरच्या टापूवर (बेटावर) बसून नाश्ता करायचा, असं त्यांनी आपसात ठरवलं होतं. एकाला काठावर ठेवून बाकीच्यांनी जायचं, हे आमच्याकडे बसत नाही. नाश्ता मागे ठेवणं तर त्याहून नाही. श्रीकांत बसला, सुधीर बसला, वैशाली बसली, आई बसल्या. पुऱ्यांचा डबा आला, चिवडा आला, पाण्याची कॅन आली. मांगीलालजी सगळ्यांना जॅकेटं देत गेले आणि एक शब्द बोलले नाहीत. एरवी दोराकडे लक्ष ठेवायला त्यांचा भाचा असतो. तो लग्नाला गेला होता. ते काम सुधीरनं हौसेनं पत्करलं.

रस्त्यावर, म्हणजे रस्त्याच्या वर, मी पाण्यात उतरले. पाणी थंड होतं. ओंजळभर डोक्याला लावलं, दांडी धरली, मान हलवली. इंजिन गरजलं. दोर ताणला, हात खांद्यातून उपटतील असं वाटलं, नाकातोंडात पाणी गेलं, आणि मी पाण्यातून एखाद्या पोत्यासारखी फरफटत राहिले. उठण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी दांडी सुटली. नाव वळून आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पहिल्यांदाच होतं म्हणून.

दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तसंच. चौथ्यांदा मी दात आवळून दांडी सोडलीच नाही आणि धरणाचं बरंच पाणी प्यायले. दर वेळी नावेचं नाक आकाशाकडे जायचं, मागचा भाग पाण्यात बसायचा, इंजिन कण्हायचं, आणि वेग काही येत नसे. पाचव्यांदा पडल्यावर तळहाताचं कातडं सोललेलं दिसलं. नाव जवळ आली. सुधीर वाकून म्हणाला, "वहिनी, छोडो ना यार. आपण सगळ्यांनी पाहिलं, तुम्ही ट्राय केली. आता नाश्ता करू, अगली बार बघू." श्रीकांतनं मला वर घ्यायला हात पुढे केला. माझ्या डाव्या बाजूला अर्ध्या हातावर, कारण चष्मा नव्हता.

खरं सांगते, मला रडू येत होतं. घ्यावा तो हात, असं वाटलंही. पण मी पाण्यात तशीच बसून राहिले. नऊ वाजून गेले होते. नाव चार हातांवरून दिसत होती, आणि पहिल्यांदाच मी तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या कडेपासून पाणी वीतभर खाली होतं. काल ट्यूब ओढताना ते हातभर खाली होतं.

दरवर्षी मी साठ पोरांना शिकवते की जोर तेवढाच असेल तर वजन वाढलं की वेग यायला वेळ लागतो. फळ्यावर लिहून दाखवते. श्रीकांत अठ्ठ्याहत्तर किलो, सुधीर शहाण्णव, वैशाली चौसष्ट, आई चाळीस, मांगीलालजी पंचावन्न, वीस लिटर पाणी, आणि पुऱ्या. चाळीस घोडे बिचारे आमचा नाश्ता ओढत होते. माझ्यासाठी त्यांच्यात काही उरतच नव्हतं. पाय माझा नव्हता कमी पडत.

"सगळे उतरा," मी म्हणाले.

मला सर्दी होऊन डोक्यात गेली असावी अशा नजरेनं सगळ्यांनी पाहिलं. मी पुन्हा सांगितलं. टापूवर उतरा, डबा घ्या, कॅन घ्या, नावेत मांगीलालजींशिवाय कुणी नको. सुधीरला राग आला. आम्ही काय ओझं आहोत का, असं त्यानं विचारलं, आणि मी हो म्हणाले. दिराशी मी असं कधी बोलले नव्हते. पण पाण्यात बसलेल्या माणसाला कुणी वाकून गप्प करू शकत नाही.

मांगीलालजींनी मान खाली घातली. हे मला पहिल्या वेळीच कळलं होतं, असं त्यांनी हळूच कबूल केलं. मग सांगितलं का नाही, असं मी जरा तडकून विचारलं.

"मेहमान को नाव से उतरने को कैसे बोलूँ, मॅडमजी?" ते म्हणाले. "वो भी खाना लेके बैठे हुए मेहमान को."

आमच्या घरी तरी कुणी बोललं असतं का?

नाव टापूला लागली. एकेकजण डबे घेऊन उतरला. आता अडचण वेगळीच होती. नाव हाकणारा पुढे बघतो, म्हणून मागे तोंड करून, दोराच्या टोकाच्या माणसावर डोळा ठेवणारं कुणीतरी हवंच. त्याशिवाय मांगीलालजी ओढत नसत, आणि ते बरोबरच होतं. श्रीकांतला दोराचं टोकही दिसत नव्हतं. वैशाली काठावर डोकं धरून बसली होती. सुधीरचे शहाण्णव किलो मी आत्ताच उतरवले होते.

"मी बसते," आई म्हणाल्या.

त्या उतरल्याच नव्हत्या. मागच्या बाकडीवर जॅकेटात बुडून बसल्या होत्या. श्रीकांत नको नको म्हणाला. त्यांनी त्याला गप्प केलं. पोहता येतं, वजन चाळीस किलो, आणि डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून लांबचं स्वच्छ दिसतं, असं त्यांनी मांगीलालजींना हिंदीत ऐकवलं. मांगीलालजींनी त्यांना काम समजावलं. फक्त बाईंकडे बघायचं, पुढे बघायचं नाही, गंमत बघायची नाही, त्या पडल्या की हात वर करून ओरडायचं, क्षणभरही नजर काढायची नाही. काठावरून सुधीर पुटपुटला की हे काम आई सव्वीस वर्षं करतेय. माझ्यासकट सगळे हसले. आई हसल्या नाहीत.

वारा आता उठू लागला होता. मांगीलालजींनी नाव टापूच्या पलीकडे नेली, जिथे टेकडीच्या आडोशानं पाणी अजून सपाट होतं. जुना रस्ता तिथेही वळून जात होता. आमची मंडळी मागे पडली, झाडांआड दिसेनाशी झाली.

सहाव्यांदा फळ्या उचलल्या, आणि मी आनंदानं घाई केली आणि तोंडावर आपटले. आईंचा हात तत्काळ वर गेला. सातव्यांदा दांडी छातीशी ओढली आणि पाठीवर पडले. पण दोन्ही वेळा नाव हलकी होऊन पळाली होती, ते मला हातांना कळलं होतं. मांगीलालजी एवढंच म्हणाले की हवा येतेय, अजून एक वेळा होईल. आईंनी दोराची दांडी माझ्याकडे सोडली.

"उठू नकोस," त्या म्हणाल्या. "बसून राहा. उठायची वेळ झाली की कळतं."

आठव्यांदा मी बसून राहिले. नाव निघाली, पाणी छातीवर आदळलं, मांड्या थरथरल्या, आणि मी काहीच केलं नाही. मग पायांखालचं मऊ पाणी एकाएकी टणक झालं. गुडघे आपोआप सैल होत गेले, आणि मला कळलं की मी उभी आहे. फळ्या खडखडत होत्या. पाणी दोन्ही बाजूंनी मागे पळत होतं, आणि त्याच्या खाली कुठेतरी तो रस्ता असणार होता ज्यावरून मूंदीची बस जात होती. समोर पन्नास-साठ फुटांवर मांगीलालजींची पाठ होती, आणि तिच्या अलीकडे आई, जॅकेटात पदर खोचून, दोन्ही हातांनी बाकडी धरून, माझ्याकडे बघत. डोळ्याची पापणी त्यांनी हलवली नसावी. त्या नजरेची मला आजवर धास्ती वाटत आलेली. त्या दिवशी मी तिच्यावर भरवसा ठेवून उभी होते.

टापूचं टोक संपलं, उघडा वारा लागला, पहिल्या लाटेवर मी वाकले, दुसरीवरही टिकले, तिसरीनं मला खाली घेतलं. आईंचा हात वर गेला. नाव वळून येईपर्यंत मी पाठीवर पडून आकाशाकडे बघत होते आणि हसत होते, का रडत होते, ते पाण्यात कळत नव्हतं. नावेच्या शिडीशी आल्यावर मी स्वतः वर चढले. आईंनी पंचा दिला आणि पायाला काही लागलं का, एवढंच विचारलं. नाही म्हटलं.

टापूवर पुऱ्या संपत आल्या होत्या. झालं का, असं सुधीरनं विचारलं. झालं, असं मी सांगितलं. तो बरं म्हणाला. ज्या सुरात लहान मुलाला बरं म्हणतात त्या सुरात. त्यांनी कुणी काही पाहिलं नव्हतं. फोन सगळे त्यांच्याजवळ होते, म्हणून फोटोही नव्हता. परतीच्या वाटेवर गाडी सुधीर चालवत होता, आई मागे झोपल्या होत्या. मी दोनदा सांगून पाहिलं, आणि दोन्ही वेळा श्रीकांत प्रेमानं म्हणाला की ट्राय केलंस हेच मोठं. मला भांडायचं त्राण नव्हतं. दोन्ही दंड एवढे भरून आले होते की पाण्याची बाटली उघडेना. घाट चढून इंदूर आलं तेव्हा दिवे लागायला आले होते.

घरात पाय ठेवला तोच पुण्याहून नणंदेचा फोन आला. सुधीरनं तिला आधीच वर्णन ऐकवलं असणार. फोन स्पीकरवर होता, आणि ती हसत हसत विचारत होती की वहिनी खरंच उभी राहिली की नुसतीच पाणी पिऊन आली. श्रीकांत काहीतरी सांभाळून घेणारं बोलू लागला. आईंनी त्याच्या हातातून फोन घेतला.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "मी समोर बसले होते. डोळा हलवला नाही. उभी होती ती. टापूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेवटी जरा वाकली, पण उभी होती."

श्रीकांत माझ्याकडे, म्हणजे माझ्या अंदाजे दिशेनं, बघत राहिला. खोटं बोलायची आईंना सवय नाही आणि कौतुक करायची तर मुळीच नाही, हे दोघा भावंडांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

माझ्याकडे त्या सकाळचा फोटो नाही, व्हिडिओ नाही. सव्वीस वर्षांत आईंनी माझ्या बाजूनं दिलेली ती एक साक्ष आहे. तिच्यातली वाकल्याची गोष्टही खरी आहे, म्हणून बाकीचं कुणी खोटं ठरवू शकत नाही.